दोन आणे आठ पै

मी पगारबिलं करतो. नागपूरच्या सचिवालयात,
तळमजल्यावर, वाळ्याच्या ताट्यांच्या ओल्या वासात,
जिथे पाणी मारणारा पोऱ्या दर अर्ध्या तासाला
माझ्या कागदांवरही थोडं शिंपडून जातो.

वर कौन्सिल भरलेलं.
आवाज जिन्यावरून तुकड्यातुकड्यांनी खाली यायचा:
'नामदार सभासद', मग बाकं बडवणं,
मग आमच्याच वऱ्हाडातल्या कुणाचा तरी खणखणीत 'नाही'.
सगळं नवं होतं. तीन वर्षांचं पोर.
अर्धी खाती सोपीव, अर्धी राखीव.
शाळा आमच्या, दवाखाने आमचे, गटारं आमची;
पोलीस त्यांचे, सारा त्यांचा, तिजोरीची किल्ली त्यांची.
सुनेच्या हाती चूल दिली
नि सरपण सासूने कुलपात ठेवलं.

त्या मार्चात, एका संध्याकाळी,
मिलचा भोंगा व्हायच्या जरा आधी
हेडक्लार्क देवपुजारी जिना उतरले.
चष्मा पुसत म्हणाले, "उमाठे, मंत्र्यांचा पगार ठरला.
दोन रुपये."
"दिवसाला?"
"वर्षाला."

मी टाक बुडवला. दुसरं काय करणार.
दोन रुपये म्हणजे बत्तीस आणे, भागिले बारा:
दोन आणे आठ पै, दरमहा.
तीन प्रती. खाली रेघ. अक्षरी रक्कम, आणि पुढे 'फक्त'.
हा शब्द मी हजारदा लिहिला असेल,
त्या दिवशी प्रथमच त्याचा अर्थ लागला.

दौलत चपराशी मागे उभा राहून बघत होता.
अक्षरं येत नव्हती त्याला, आकडे येत होते.
"बाबू, मले चवदा भेटते,
अन् मंत्र्याले तीन आणेबी नाही?
मंग मीच काहून नाही होत मंत्री?"
जरा थांबून स्वतःच म्हणाला,
"मले तं मतच नाही,"
आणि सुरई भरायला गेला.

मग पावतीचा प्रश्न निघाला.
वीस रुपयांवरच्या पावतीला एक आण्याचं तिकीट,
तिकिटावर बादशहाचं डोकं,
डोक्यावरून आडवी सही.
देवपुजारींनी नियमांचं पुस्तक काढलं, बोट फिरवलं,
पुन्हा फिरवलं.
"ह्याला तिकीट लागत नाही," ते इतक्या हळू म्हणाले,
जसं कुणी शेजारघरी पोर झाल्याचं सांगतं.
मंत्र्याची पावती, बादशहाच्या डोक्यावाचून!
त्या रात्री मी सीताबर्डीहून महालापर्यंत पायी गेलो.
जुम्मा तलावाशी अनोळखी माणसाने हातावर पेढा ठेवला.
मी काहीच केलं नव्हतं, भागाकार सोडून.

तिसऱ्या दिवशी मंत्री स्वतः खाली आले.
काटोलकडचे बागाईतदार, नखांत अजून संत्र्याचा पिवळेपणा.
बिल वाचलं. घडी घातली.
"अक्षर छान आहे तुमचं," म्हणाले,
आणि राजीनामा द्यायला वर गेले.
त्यांच्या टेबलावर एक फाईल राहिली होती:
दौलतच्या गावची विहीर, त्याच्या वस्तीसाठी, वेगळी.
सगळे शेरे झालेले. सहीची जागा तेवढी कोरी.

सोपीव खाती लाटसाहेबांकडे परत गेली.
फाईल फिरून माझ्याकडे आली: 'तूर्त स्थगित.'

"बाबू, आपण जिकलो नं?"
"जिंकलो, दौलत."
"अन् हीर?"
"कागदावर आहे."
"कागदात पोहरा बुडते का?"

मी मान वर केली नाही.
मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं,
की तो खणखणीत 'नाही' खरा होता.
आणि दौलत बरोबर विचारत होता.
ह्या दोन रकमांची बेरीज मला जमत नाही,
बिलावर लिहायची असती तर कुठल्या खाती लिहिली असती, ठाऊक नाही.

पहिल्या तारखेला दौलतचं बिल केलं.
चौदा रुपये, फक्त.
अंगठा उमटवायला तो वाकला, शाई पुसली, विचारलं,
"तिकीट नाही लावत, बाबू?"

वीसच्या आत होते.
त्याला कधीच लागलं नव्हतं.